एचडी डीव्हीडी हाती लागली तर टाकू नका, अशी बघा

इकडे न्यू जर्सीत थ्रिफ्ट स्टोअरमध्ये किंवा कुणाच्या गराज सेलला जुन्या डिस्कचा खोका दिसला की मी खाली बसून अख्खा चाळतो, आणि कधीकधी निळ्या केसच्या रांगेत एखादी लालसर पारदर्शक केस हाताला लागते, वर एचडी डीव्हीडी लिहिलेलं, म्हणजे ब्लू-रेशी स्पर्धेत उतरून हरलेली तोशिबाची हाय-डेफिनिशन डिस्क. बरेच जण ती डॉलर-दोन डॉलरला घरी नेतात, ब्लू-रे प्लेयरमध्ये टाकतात, स्क्रीनवर डिस्क वाचता येत नाही असं येतं आणि मग सरळ कचऱ्यात. ओळखीच्या एका काकांनी अशा अकरा डिस्क टाकल्या, मला कळलं तोवर कचऱ्याची गाडी येऊन गेली होती, अजून हळहळ वाटते.

डिस्क खराब नसते हो, मशीन वेगळं लागतं. लेझर दोन्हीकडे तोच, ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा, पण ब्लू-रेमध्ये डेटाचा थर वरून जेमतेम ०.१ मिलिमीटर खाली असतो आणि एचडी डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर, म्हणजे साध्या डीव्हीडीइतका खोल, त्यामुळे एकाच्या भिंगाला दुसरीचा थर नीट दिसतच नाही. यामुळेच ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी मावतं, हिच्यात १५. पण जुन्या डीव्हीडीच्याच कारखान्यात थोडा बदल करून ही बनवता यायची, तोशिबाचा सगळा भर त्यावर होता.

केस मिळाली की आधी मागची बाजू वाचा. कॉम्बो लिहिलं असेल तर एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि उलटी केली की साधी डीव्हीडी, ती घरातल्या कुठल्याही प्लेयरवर आजच लागेल. अशा डिस्कला वर चित्र नसतं, दोन्ही बाजू चकचकीत, नाव फक्त मधल्या भोकाभोवती बारीक अक्षरात छापलेलं, त्यामुळे लोक त्या कोऱ्या समजतात! एक लक्षात ठेवा, एचडी डीव्हीडीला रीजन कोड, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालेल ते ठरवणारा आकडा, नाही पण त्या डीव्हीडी बाजूला असतो, इथली असेल तर रीजन १, आणि भारतातले प्लेयर रीजन ५ चे, तर तिकडे पाठवताना मल्टी-रीजन प्लेयर आहे का ते विचारून घ्या.

आता मशीन. एप्रिल २००६ ला तोशिबाचा एचडी-ए१ इथे ४९९ डॉलरला आला, जूनमध्ये सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेयर ९९९ ला, म्हणजे दुप्पट. नोव्हेंबर २००७ मध्ये तर वॉलमार्टने तोशिबाचा एचडी-ए२ एका सेलमध्ये ९८.८७ डॉलरला विकला. म्हणून ए२ अजूनही जुन्या बाजारात सहज सापडतो. मग एवढा स्वस्त प्लेयर असून एचडी डीव्हीडीवाले हरले कसे, तर सोनीने प्लेस्टेशन ३ मध्येच ब्लू-रे ड्राइव्ह बसवला होता, मुलांनी गेमसाठी घेतलं आणि घरात ब्लू-रे आपोआप आला, २००७ भर इथे ब्लू-रेच्या डिस्क साधारण दुप्पट खपत होत्या. सिनेमा कंपन्यांपैकी पॅरामाउंट ऑगस्ट २००७ मध्ये एचडी डीव्हीडीकडे वळली, युनिव्हर्सल तर आधीपासून फक्त तिथेच, पण ४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने यापुढे फक्त ब्लू-रे असं जाहीर केलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले.

घेताना माझं मत विचाराल तर ए१ च्या नादी लागू नका, त्याच्या आत चक्क कॉम्प्युटरचा पेंटियम ४ प्रोसेसर आहे, सुरू व्हायलाच मिनिटभर लागतो. ए२ आणि ए३ १०८०आय देतात, म्हणजे चित्राच्या रेषा एकाआड एक, ए३० किंवा ए३५ मिळाला तर १०८०पी, म्हणजे सगळ्या रेषा एकदम, दोन पैसे जास्त गेले तरी तोच घ्या. एक्सबॉक्स ३६० चा वेगळा एचडी डीव्हीडी ड्राइव्हही होता, तो यूएसबीने कॉम्प्युटरला जोडता येतो. विकणाऱ्याला ट्रे उघडून दाखवायला सांगा, रिमोट आहे का बघा, आणि इथला प्लेयर भारतात नेणार असाल तर तो १२० व्होल्टचा असतो, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय भिंतीत लावायचा नाही म्हणजे नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, डिस्क तपासणं, कारण यातल्या बऱ्याच आता आतून सडतायत. डिस्क दोन चकत्या चिकटवून बनलेली असते आणि तो आतला थर वयाने खराब होतो. कडेला धरून दिव्याखाली तिरकी करा, कडेजवळ दुधाळ ढग, कॉफीचा डाग पडावा तसा पट्टा किंवा टाचणीएवढे ठिपके दिसले तर परत ठेवा, पुसून ते जाणार नाहीत. वरची धूळ, बोटाचे ठसे असतील तर मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसायचं, गोल गोल नाही. आणि डिस्क घासून देणाऱ्या मशीनवर ब्लू-रे कधीच देऊ नका, ०.१ मिलिमीटरच्या त्या थरात घासायला काही उरतच नाही.

आणि डोळ्याला स्वच्छ दिसली तरी घरी आणल्यावर त्याच आठवड्यात शेवटच्या नावांपर्यंत पूर्ण चालवून बघा, मेनू लागला म्हणून निर्धास्त होऊ नका. माझ्याकडे दोन डिस्क पहिला तासभर सुंदर चालल्या आणि मध्यावर, जिथे मशीन पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जातं, तिथेच अडकल्या. तोवर दुकानाची परत घ्यायची मुदत संपली होती.