मणक्याच्या ऑपरेशननंतर ऑस्टिओपॅथी करताय? या चुका टाळा

खान्देशात कंबरेवर हात चालवणाऱ्यांची कधीच कमी नव्हती. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ, नस चढली की गावातला चोळणारा. आता त्यात ऑस्टिओपॅथीची, म्हणजे हाताने स्नायू-सांधे मोकळे करण्याच्या उपचारांची, आणि मोबाइलवरच्या कडकड आवाजाच्या व्हिडिओंची भर पडली आहे. साध्या उसणीत हे सगळं खपून जातं. ऑपरेशन झालेल्या कंबरेत खपत नाही.

आवाज आला म्हणजे मणका बसला, हा समज

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तो आवाज सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो. हाड जागेवर बसल्याचा नाही. दोन मणक्यांमधल्या चकतीचा बाहेर आलेला तुकडा काढला असेल, तर चकतीच्या कडेचं भोक अजून भरत असतं. अशा वेळी कंबर पिळून झटका दिला तर आतला गर पुन्हा बाहेर येऊ शकतो. स्क्रू-रॉड टाकून मणके जोडले असतील तर हाड जुळायला कित्येक महिने लागतात, आणि तोवर सगळा भार त्या स्क्रूंवर असतो. जोडलेल्या भागाला झटका नकोच, पुढेही नको.

ऑस्टिओपॅथी म्हणजे फक्त झटका असंही नाही. 1874 मध्ये अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी ती मांडली. आखडलेले स्नायू हलक्या दाबाने मोकळे करणं, रुग्णाला हाताविरुद्ध थोडा जोर लावायला सांगून मग स्नायू सैल सोडायला लावणं, श्वासाबरोबर बरगड्या हलवणं, असे सौम्य प्रकार तिच्यात आहेत. ऑपरेशननंतर उपयोग झालाच तर याच प्रकारांचा होतो, तोही सुरुवातीला कंबरेवर नाही, तर खुबा, मांडीचा मागचा भाग आणि पाठीचा वरचा भाग यांवर. पुरावा मात्र तुटपुंजा आहे. चकतीच्या ऑपरेशननंतर याचा एक छोटा प्राथमिक अभ्यास दक्षिण कोरियात झाला, पण तेवढ्यावर कुणी हमी देत असेल तर जरा सावध राहा.

डिस्चार्ज कार्ड कपाटात

आपल्याकडचे बरेच जण ऑपरेशन नाशिक, पुणे, मुंबई नाहीतर सुरतेला करतात आणि पुढचे हातोपचार गावाजवळ घेतात. मग थेरपिस्टला सांगतात काय, तर "कंबर दुखी ऱ्हायनी". कोणता मणका, चकती काढली की हाड कापलं, स्क्रू आहेत का, हे कळल्याशिवाय चांगला माणूस हात लावणार नाही. कार्ड आणि एमआरआय सोबत न्या, आणि हात लावायला कधीपासून चालेल हे सर्जनकडून त्याच कार्डावर लिहून घ्या. समोरच्याची मूळ पदवीही विचारा. अमेरिकेत ऑस्टिओपॅथ पूर्ण डॉक्टर असतो. आपल्याकडे पाटी वाचून तसं गृहीत धरू नका.

जखमेवर तेल, बधिर जागी शेक

टाके ओले असताना तेल नको, चोळणं नको. बधिर कातडीला विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक देऊ नका. चटका बसला तरी कळत नाही.

दुखलं की थेरपीच्या बैठका वाढवणं

बैठकीनंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं चालतं. बघायचं ते दुखणं कुठे सरकतंय हे. पायातली कळ आखडत कंबरेकडे आली तर बहुधा ठीक. कंबरेतून पोटरीत, तळव्यात उतरू लागली तर बैठका थांबवा आणि सर्जनला फोन करा. ताप, जखमेतून पाणी, एकाच पोटरीला सूज असेल तर त्याच दिवशी दाखवा. सुजलेली पोटरी चोळून घेऊ नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. लघवी अडणं, संडासवरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा किंवा पाऊल लुळं पडणं, यात सकाळच्या एसटीची वाट न बघता रात्रीच गाडी काढा.

टेबलावर बरं, घरी पुन्हा तेच

बाई बैठकीहून येते आणि पाण्याचा हंडा उचलते, खाली बसून भाकऱ्या थापते. भाऊ केळीचा घड खांद्यावर घेतो, नाहीतर कापूस वेचायला वाकतो. मग थेरपीला नाव ठेवतात. ओटा, खुर्ची, कमोडची सोय आणि रोजचं चालणं (मे महिन्यात पहाटेच, जळगावचं ऊन ठाऊक आहे) हे आधी जमवा. फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम सोडून नुसत्या हातोपचारावर राहू नका. पाच-सहा बैठकांत चालणं किंवा झोप काहीच सुधारली नाही, तर पुढच्या बैठकांचे पैसे आगाऊ न भरता सर्जनकडे जा.