तिकडची जोगळभावी

"तिकडं देवळं हाईत काय वो?" शहापुरातल्या शेजारणीनं जपानबद्दल विचारलं होतं. हाईत की! ३० जूनला क्योतोत असाल तर 'नागोशी नो हाराए' चुकवू नका. सहा महिन्यांचा मळ-दोष उतरवायचा दिवस. सौंदत्तीला यल्लम्माचा डोंगर चढण्याआधी जोगळभावीच्या कुंडात अंघोळ करतो, तसलंच समजा.

देवळात आधी हात धुवायचे. लांब दांड्याच्या पळीनं डावा, मग उजवा, डाव्या ओंजळीतल्या पाण्यानं चूळ, परत डावा. मी तीर्थ समजून पळीच तोंडाला लावायला गेले, लेकानं मनगट धरलं! चूळही कुंडात नाही, बाजूला टाकायची.

पुढं चिगाया गवताचं पुरुषभर उंच कडं, चिनोवा. त्यातून तीनदा जायचं: डावीकडं वळून, मग उजवीकडं, परत डावीकडं. गोंधळलात तर एखाद्या म्हातारीच्या मागं चाला. काडी मात्र उपटू नका, त्या गवतानं लोकांची इडापिडा घेतलेली असते.

मग कागदाची बाहुली. नाव-वय लिहा, अंगावरून फिरवा, फुंकर घाला, दक्षिणेसकट द्या. दृष्ट काढल्यागतच, फक्त मीठ-मोहऱ्या नाहीत. क्योतोतल्याच कामिगामो देवळात रात्री मशालींच्या उजेडात या बाहुल्या ओढ्यात सोडतात.

देवापुढं दोनदा वाकून दोन टाळ्या, परत एकदा वाकायचं. छत्री न्या, तिकडंही पावसाळाच.

येताना मिनाझुकी खा: पांढरी तिकोनी वडी, वर गोड अझुकीचे, म्हणजे तिकडच्या लाल कडधान्याचे, दाणे. बरी लागते, खरं आपल्या बेळगावी कुंद्याची सर नाही.