स्वस्त ई-सायकलची बॅटरी कशी पारखावी

ई-सायकल घेताना मोटर दिसते, गिअर दिसतात, डिस्प्ले दिसतो. बॅटरीचं मात्र फक्त स्टिकर दिसतं. स्वस्त सायकलीत किंवा जुन्या सायकलला बसवायच्या किटमध्ये काटकसर हमखास तिथेच होते, कारण बंद पॅकमधले सेल गिऱ्हाईक बघू शकत नाही. पॅक उघडायच्या भानगडीत पडू नका. आत शॉर्ट झालं तर आग लागते. मल्टिमीटर, वजनकाटा आणि घड्याळ एवढ्यावरही बरंच उघड होतं.

1. आधी स्टिकरवरचा गुणाकार करा

व्होल्ट गुणिले एएच (अँपिअर-अवर) म्हणजे वॉट-अवर, बॅटरीतला खरा साठा. 36 व्होल्ट, 7.8 एएचच्या पॅकमध्ये साधारण 280 वॉट-अवर मावतात. असा पॅक बहुतेक वेळा 18650 सेलचा असतो: 18 मिलिमीटर जाडीचा, 65 मिलिमीटर लांबीचा सेल. दहा सेल एकापुढे एक जोडले की 36 व्होल्ट होतात. अशा तीन ओळी समांतर, म्हणजे एकूण तीस सेल. कारागीर याला ‘10एस 3पी’ म्हणतात. प्रत्येक सेल 2.6 एएचचा धरला की 7.8 चा हिशेब जुळतो.

18650 आकाराचा चांगल्यातला चांगला सेलही साडेतीन एएचच्या आसपास थांबतो. कोणी तो पाच एएचचा आहे म्हणाला, तर बोलणं तिथेच थांबवा. पाच एएच मिळतात ते त्याहून मोठ्या 21700 सेलमधून.

2. पॅक वजनकाट्यावर ठेवा

ही चाचणी दुकानातच होते आणि ती चुकवणं विक्रेत्याला फार कठीण जातं. एक 18650 सेल 45 ते 48 ग्रॅमचा. 36 व्होल्ट, 10 एएचचा पॅक 2.6 एएचच्या सेलनी बांधायचा तर चाळीस सेल लागतात. नुसत्या सेलचंच वजन 1.8 किलोच्या वर जातं, त्यात पेटी, वायरी आणि सर्किटची भर. महागडे साडेतीन एएचचे सेल घातले तर तीस पुरतात, पण स्वस्त पॅकमध्ये ते कोण घालणार? म्हणून ‘10 एएच’ लिहिलेला पॅक पेटीसकट दोन किलोच्या आत भरला, तर विक्रेत्याला सेल कोणते आणि किती, ते लेखी मागा. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे सेल तेवढ्याच साठ्यासाठी याहूनही जड असतात.

3. पूर्ण चार्ज झाल्यावर व्होल्ट मोजा

दहा सेलच्या ओळीचा पॅक भरल्यावर 42 व्होल्टच्या जवळ असायला हवा. तेरा सेलच्या 48 व्होल्ट पॅकला हाच आकडा 54.6. चार्जरचा दिवा हिरवा झाला तरी पॅक 41 व्होल्टच्या खालीच राहत असेल, तर बहुधा आतला सेलचा एखादा गट आधी भरला आणि बीएमएसने, म्हणजे आतल्या संरक्षक सर्किटने, चार्जिंग तोडलं. पॅक चार्जरवर आणखी काही तास ठेवून पुन्हा मोजा. नव्या पॅकमध्ये तरीही फरक राहिला, तर तो परत करा.

4. चार्जिंगचा वेळ घ्या

सायकल आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग चार्जरला लावून घड्याळ बघा. चार्जरवर दोन अँपिअर लिहिलेलं असेल, तर तास गुणिले दोन म्हणजे पॅकमध्ये जास्तीत जास्त किती एएच गेले ते. शेवटी करंट कमी होत जातो, त्यामुळे खरा आकडा याहून थोडा कमीच भरतो. दहा एएचच्या रिकाम्या पॅकला पाच तासांहून जास्तच लागायला हवेत. तीन तासांत हिरवा दिवा लागला, तर आत सहा एएचसुद्धा नाहीत.

5. एका वेळी किती वॉट ओढता येतील?

गल्लत होते ती इथे. एएचवरून सायकल किती लांब जाईल ते कळतं, किती जोर लावेल ते नाही. जोर अँपिअरवर ठरतो आणि अँपिअरची मर्यादा सेल, बीएमएस, वायर-कनेक्टर यांपैकी जे सर्वांत कमजोर त्याची. साध्या 2.6 एएचच्या सेलमधून सतत पाच अँपिअर घेणं ठीक. तीन समांतर म्हणजे पंधरा, आणि पंधरा गुणिले 36 म्हणजे 540 वॉट. बीएमएसवर ‘30 अँपिअर’ छापलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की ते सर्किट तितका करंट सोसतं. सेलना तो झेपेल याची हमी त्यात नाही.

मोटर किती ओढते? 250 वॉटच्या मोटरसोबत येणारा कंट्रोलर, म्हणजे मोटरला करंट पुरवणारं सर्किट, 36 व्होल्टवर बऱ्याचदा चौदा-पंधरा अँपिअर ओढतो, म्हणजे 500 वॉटच्या वर. माणूस आणि सायकल मिळून 100 किलो, पाच टक्क्यांचा चढ आणि ताशी 15 किलोमीटर, एवढ्याला पॅडल न मारता बॅटरीतून 300 वॉटच्या वर लागतात. आठ टक्क्यांच्या घाटात 500 च्या आसपास. तीन समांतर ओळींचा पॅक तिथे आपल्या टोकाला पोचलेला असतो, म्हणून घाटात पॅडल माराच. अशाच पॅकवर 1000 वॉटचा किट लावला तर 28 अँपिअर लागतील, प्रत्येक सेलवर नऊच्या वर. ही जोडी कोणी कितीही स्वस्तात दिली तरी घेऊ नका. शिवाय 250 वॉट आणि ताशी 25 किलोमीटरच्या मर्यादेपलीकडची सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते, नोंदणी आणि लायसन्स मागे लागतात.

6. चढावर व्होल्ट बघा

भरलेला पॅक, घराजवळचा चढ, डिस्प्ले व्होल्टवर. पूर्ण जोर लावल्यावर 36 व्होल्टच्या चांगल्या पॅकचे दोन-तीन व्होल्ट उतरतात आणि थ्रॉटल सोडला की बहुतेक परत येतात. पाच-सहा उतरले, किंवा निम्म्या चार्जवर सायकल चढावर बंद पडली, तर सेल जुने किंवा हलक्या दर्जाचे आहेत. सायकलवरून उतरल्यावर पॅकला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल किंवा एकच कोपरा तापला असेल, तर तो पॅक पुन्हा वापरू नका.

7. कागद

सेलचा ‘R-’ने सुरू होणारा बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणी क्रमांक मागा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा. बिलावर पॅकचा अनुक्रमांक, एएच आणि वॉरंटी लिहून घ्या.

सप्टेंबर 2022 मध्ये वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी फुटली आणि त्यात होरपळलेला सात वर्षांचा मुलगा दगावला. सगळ्या चाचण्यांत उतरलेला पॅकसुद्धा झोपण्याच्या खोलीत किंवा दाराच्या वाटेत चार्ज करू नका, आणि चार्जिंग जागेपणीच उरका. बहुतेक सेलची चार्जिंगची मर्यादा 45 अंशांची असते. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हातून आलेला पॅक आधी सावलीत निवू द्या. फुगलेला किंवा गोडसर रसायनाचा वास येणारा पॅक चार्जरला न लावता घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. भंगारवाल्याला देऊ नका, तो पेटी हातोड्याने फोडेल.