बायोडाटातल्या या चुका टाळा: येत नाही ते लिहू नका, येतं ते लपवू नका

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी टायपिंग आणि संगणकाचे वर्ग चालवते. बुटीबोरीच्या कारखान्यात जागा निघाली, वणीकडे खाणीवरच्या कंत्राटदाराला माणसं हवी आहेत, पतसंस्थेत क्लार्क पाहिजे, असं काही कानावर आलं की पोरं-पोरी बायोडाटा करून घ्यायला येतात. बहुतेकांची मुलाखत उद्यावर असते. "मॅडम, धा मिनिटात करून द्या ना जी." दहा मिनिटांत जो कागद होतो तो कुणाचाही असू शकतो. म्हणून मी आधी बसायला सांगते. घाई असणारे निघून जातात आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून कागद घेतात.

माझा पहिला राग त्या तयार कागदावर आहे. दुकानाच्या संगणकात एक फाईल असते. नाव, गाव आणि मोबाईल नंबर बदलला की बायोडाटा तयार. कौशल्यं आधीच भरलेली: टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर), जीएसटी, ॲडव्हान्स एक्सेल, तिन्ही भाषांवर प्रभुत्व, लीडरशिप. आता मोबाईलवर एआयकडून लिहून घेतात, तर तेच सगळं आणखी गुळगुळीत इंग्रजीत येतं. मुलगा वाचतही नाही, सही करतो आणि पाठवतो. खाली "वरील माहिती सत्य आहे" असं छापलेलं असतं, त्याखाली त्याची सही असते, याचं त्याला काहीच वाटत नाही.

याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला आहे. एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, हिशेबाच्या जागेसाठी मुलाखती होत्या आणि उमेदवारांचं संगणकाचं काम तपासायला मला बोलावलं होतं. बी.कॉम. झालेला एक मुलगा आला. कागदावर ठळक अक्षरांत "टॅली प्राइम व जीएसटी एक्स्पर्ट". मुनीमजींनी खरेदीचं एक बिल त्याच्यापुढे सरकवलं. "घ्या, एवढी एन्ट्री मारा." टॅलीत खरेदीचं व्हाउचर एफ९ दाबून उघडतं, हे शिकणाऱ्याला सुरुवातीच्या धड्यांतच कळतं. मुलगा पडद्याकडे पाहत राहिला. मुनीमजींनी मग तोंडी विचारलं, "बरं, शेतकऱ्याकडून कापूस घेतला तर त्यावरचा जीएसटी कोण भरते?" तो म्हणाला, "शेतकरी." जिनिंगच्या हिशेबात हे उत्तर चालत नाही. जीएसटीत नोंदणी असलेला व्यापारी शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतो तेव्हा रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यानं भरायच्या पद्धतीनं, कर त्या व्यापाऱ्यालाच भरावा लागतो, नोव्हेंबर २०१७ पासून.

खरं दुःख पुढचं आहे. चहा आला, गावाकडच्या गोष्टी निघाल्या आणि कळलं की हाच मुलगा दुसऱ्या एका जिनिंगच्या वजनकाट्यावर दोन हंगाम बसला होता. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मीटरवर कापसाची आर्द्रता, आठ टक्क्यांच्या वर गेली तर कपात किती, पावती, दिवस संपला की वहीचा मेळ. सगळं एकटा करायचा. मुनीमजी म्हणाले, "मंग हे लिहिलं काहून नाई?" तो म्हणाला, "थे काय नोकरी होय का जी? रोजीचं काम होतं थे."

मुनीमजींना काट्याची जाण असलेलाच माणूस हवा होता, टॅली त्यांनी शिकवली असती. पण ते म्हणाले, "लिहिलेलं खोटं निघालं, आता हे तोंडी सांगतोस ते खरं कसं धरू?" जागा दुसऱ्याला गेली. तो मुलगा खोटारडा नव्हता. दुकानातल्या कागदानं त्याच्या तोंडी खोटं घातलं आणि त्याचं खरं काम झाकून टाकलं. चार ओळी स्वतः लिहिल्या असत्या तर ती खुर्ची त्याची होती, असं मला आजही वाटतं.

मी काय करते ते सांगते. संगणक सुरू करायच्या आधी कोरा कागद देते आणि आतापर्यंत केलेलं प्रत्येक काम मराठीत लिहायला लावते. पैसे मिळालेलं, न मिळालेलं, घरचं, दारचं, सगळं. मग त्याचे तीन गट पाडायचे: एकट्यानं करता येतं, कुणी जवळ असलं तर जमतं, आणि नुसतं पाहिलं आहे. पहिला गट बायोडाटात सगळ्यात वर जातो, कसलाही संकोच न करता. दुसऱ्या गटापुढे "शिकत आहे" किंवा "देखरेखीखाली केले" असं स्वच्छ लिहायचं. तिसरा गट लिहायचाच नाही. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मी विचारते, "आत्ता करून दाखव म्हटलं तर?" मान खाली गेली की ती ओळ खोडायची. एक्सेलमध्ये बेरीज आणि फिल्टर येत असेल तर "एक्सेल: बेरीज, फिल्टर, साधे तक्ते" असंच लिहा. "ॲडव्हान्स" लिहिलंत की समोरचा पिव्होट टेबल (मोठ्या माहितीचा गोषवारा काढणारा तक्ता) विचारणार आणि तो त्याचा हक्क आहे.

दुसरी चूक मुलींच्या कागदावर जास्त दिसते: "अनुभव: निरंक". एक मुलगी पतसंस्थेच्या जागेसाठी हेच लिहून आली होती. बोलता बोलता समजलं की आईच्या बचत गटाची सगळी वही तीच लिहिते. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही गटाची पंचसूत्री तिला पाठ होती, कारण दर महिन्याला तेच काम ती करत होती. पतसंस्थेत वेगळं काय असतं? आम्ही लिहिलं: "महिला बचत गटाचे हिशेब लिहिते: मासिक बचत, कर्जवाटप, व्याज आकारणी, परतफेडीच्या नोंदी, बँकेचा भरणा." संपर्कासाठी गटाच्या अध्यक्षांचा नंबर दिला, त्यांना विचारून. ती म्हणत होती, "मॅडम, थोडंफार येते असं लिहा." मी "थोडंफार" लिहू दिलं नाही. जे दर महिन्याला बिनचूक होतं, त्याला थोडंफार म्हणणं हेही खोटंच आहे.

पदवीनंतरची वर्षं शेतीत गेली म्हणून ती लपवणारेही असेच. रिकामी जागा दिसली की समोरच्याच्या मनात नको ते येतं. "घरची ५ एकर शेती सांभाळली: सोयाबीन व तूर, ठिबकची जोडणी, मोटरपंपाची किरकोळ दुरुस्ती, बियाणे-खताचा हिशेब" असं लिहिलं तर कृषी सेवा केंद्रवाला किंवा ठिबकचा विक्रेता तो कागद बाजूला काढून ठेवतो. पोलीस भरतीची तयारी करण्यात वर्ष गेलं असेल तर तेही सरळ लिहा. विदर्भात ज्याच्या घरी असं पोरगं नाही असा मुलाखत घेणारा मला भेटलेला नाही.

टायपिंगचं प्रमाणपत्र मिनिटाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचं असलं तरी आज हात किती चालतो ते लिहा. सराव सुटला असेल तर आधी आठवडाभर बसा. कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करता की युनिकोडमध्ये, तेही नमूद करा, कार्यालयात तेच विचारतात.

एक विषय राहिला असेल तर "अंतिम वर्ष, एक विषय बाकी" लिहा. "अपियर्ड" लिहून वेळ मारून नेता येत नाही, गुणपत्रिका मागतातच. आयटीआयवाल्यांनी ट्रेड आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष पहिल्या ओळीत द्यावं, फिटर आहात की वायरमन हे शोधायला लावू नये.

इंग्रजीबद्दल: "वाचता-लिहिता येते, बोलण्याचा सराव चालू आहे." एवढं लिहिलेली मुलं मी नोकरीला लागलेली पाहिली आहेत.

रास, गण, जात, उंची आणि मामाचं आडनाव लग्नाच्या बायोडाटासाठी ठेवा. खासगी नोकरीच्या कागदावर आधार नंबर तर मुळीच नको, तो कागद कुणाकुणाच्या हातात जाईल ते आपल्याला ठाऊक नसतं.

"कष्टाळू, प्रामाणिक, जिद्दी" ही ओळ मी खोडते. काट्यावर दोन हंगाम एकही खाडा नसेल तर तसं लिहा.

ईमेल स्वतःचा असू द्या, कॅफेवाल्याचा नको, पासवर्ड वहीत लिहून ठेवा आणि मेल रोज उघडून पाहा. मोबाईल नंबर दोन द्या: एक आपला आणि एक घरातल्या अशा माणसाचा जो फोन उचलतो. वावरात रेंज नसते आणि कंपनीवाले फार वेळा फोन करत नाहीत. अर्ज कुठे केला आहे आणि कोणत्या जागेसाठी, हे त्या माणसाला आधीच सांगून ठेवा.