ब्वेनोस आयरेसमध्ये एकच दिवस असेल तर

दक्षिणेकडच्या पातागोनियाहून परतताना अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्वेनोस आयरेसला थांबणार असाल, तर आधी तिकिटांवरचे विमानतळ नीट बघा. देशांतर्गत विमानं बहुधा आएरोपार्केला उतरतात. तो शहरातच, नदीकाठी. परदेशी विमानं मात्र बहुतेक एसेइसाहून, ३० किलोमीटरच्या आसपास लांब. संध्याकाळच्या गर्दीत हे अंतर अंगावर येतं, त्यामुळे हाताशी भरपूर वेळ ठेवा.

रविवार असेल तर बाकी सगळं सोडा, सान तेल्मो ही जुनी वस्ती गाठा. देफेन्सा रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो: निळ्या काचेच्या सोड्याच्या बाटल्या, माते हे चहासारखं पेय प्यायच्या धातूच्या नळ्या, मधेच कुठे टँगो. एरवी जुन्या नाट्यगृहातलं एल आतेनेओ हे पुस्तकांचं दुकान; तिथे रंगमंचावरच कॅफे आहे.

शाकाहाऱ्यांनी चीज-कांद्याचं एम्पनाडा (करंजीसारखा सारण भरलेला पदार्थ) मागावं. रात्रीचं जेवण इथे नऊनंतरच, तेव्हा विमान रात्रीचं असेल तर दुपारीच पोटभर जेवून घ्या.