विस्थापितांचे आकडे : भारत आणि गरीब देश शेजारी ठेवण्याआधी

माझी आत्या श्रीवर्धनला असते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तिला आणि शेजारपाजारच्यांना आदल्या दिवशीच शाळेत हलवलं, बीपीच्या गोळ्या आणि एक चादर घेऊन ती वर्गात झोपली, वादळ ओसरल्यावर घरी गेली तर कौलं उडालेली पण घर उभं होतं. जिनिव्हाची आयडीएमसी ही संस्था देशांतर्गत विस्थापन मोजते आणि त्यात अशी खबरदारी म्हणून हलवलेली माणसंही धरते. आता हीच नोंद आणि सुदानच्या दार्फुर भागातलं युद्धामुळे घर कायमचं सुटलेलं कुटुंब एका तक्त्यात बाजूबाजूला आलं की गोंधळ सुरू होतो, म्हणून हे जरा नीट लिहितोय.

सगळ्यात आधी बघा की आकडा वर्षभरात झालेल्या हालचालींचा आहे की वर्षाअखेरीस अजून घराबाहेर असलेल्यांचा. दादरला दिवसभरात किती जण उतरले आणि आत्ता प्लॅटफॉर्मवर किती उभे आहेत, एवढा फरक आहे हा. २०२४ मध्ये भारतात पूर-वादळांमुळे सुमारे ५४ लाख विस्थापनं नोंदली गेली, त्यात एकच माणूस दोन पुरांत दोनदा मोजला गेलेला असू शकतो आणि बरेच जण थोड्या दिवसांत परत जातात. सुदानमध्ये त्याच वर्षाअखेर देशातल्या देशात विस्थापित होते सुमारे १ कोटी १६ लाख, ते युद्धामुळे आणि तेव्हाही घराबाहेरच. हे दोन शेजारी ठेवून 'भारत सुदानच्या निम्म्यावर' असं कोणी लिहिलं तर ते सरळ चूक आहे, प्लीज फॉरवर्ड करू नका.

मग निर्वासितांचा, म्हणजे देशाची सीमा ओलांडून गेलेल्यांचा, तक्ता उघडलात तर मथळा नीट वाचा, कुठून आले आणि कुठे आसरा घेतला हे दोन वेगळे तक्ते असतात. वर्ल्ड बँकेच्या साइटवर दोन्हींची नावं जवळपास सारखी दिसतात, घाईत हमखास चुकीचं डाउनलोड होतं.

'लो इन्कम', म्हणजे कमी उत्पन्नाच्या देशांच्या, गटाची मात्र खरी गोम आहे. वर्ल्ड बँक दरवर्षी १ जुलैला यादी बदलते आणि गटाची बेरीज दाखवताना आजचीच यादी मागच्या सगळ्या वर्षांना लावते. सीरिया २०१० मध्ये या गटात नव्हता, युद्धानंतर घसरला, पण आज ग्राफ काढला तर जुन्या वर्षांतही तो आतच दिसतो. उलट बांगलादेश २०१५ ला बाहेर पडला, त्यामुळे कॉक्स बझारमधले लाखो रोहिंग्या 'लो इन्कम'च्या बेरजेत येतच नाहीत. भारतही या गटात नाही, लोअर मिडलमध्ये आहे. तेव्हा गटाच्या एका रेषेवर अवलंबून राहू नका, चार-पाच देश नावानिशी घ्या.

आणि लोकसंख्येने भागा, हे टाळूच नका. युगांडात २०२४ मध्ये साधारण १८ लाख निर्वासित आणि लोकसंख्या साधारण ४ कोटी ६० लाख, म्हणजे दर लाख लोकांमागे ३,९०० च्या आसपास. आपल्याकडे त्याच सुमारास तिबेटी, श्रीलंकन तमिळ वगैरे धरून यूएनएचसीआरच्या (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या) हिशोबात अडीच लाखांच्या आसपास, १४० कोटींना भागलं तर लाखामागे १७-१८. मी पहिल्यांदा कॅल्क्युलेटरवर हे केलं तेव्हा परत परत तपासलं, इतका गरीब देश एवढी माणसं सांभाळतोय यावर विश्वास बसेना.

अजून एक, जे मला फार लागतं. कोयना धरणाने उठवलेली गावं किंवा आपल्या मुंबईत तानसा पाइपलाइनजवळून माहुलला नेऊन टाकलेली कुटुंबं, यातलं कोणीच या आकड्यांत नाही, कारण तिथे फक्त संघर्ष आणि आपत्ती मोजतात. तक्ता बनवाल तेव्हा खाली एका ओळीत लिहा की विकासकामांमुळे उठवलेले लोक यात धरलेले नाहीत, आणि प्रत्येक आकड्याशेजारी वर्ष टाका.