रोज पाच ओळी: लिहिण्याची सवय लावताना

सवय लागेपर्यंत पानं मोजू नका, दिवस मोजा. पहिले तीन आठवडे रोज पाचच ओळी. एकेरी वहीत त्यांचे साधारण ४० शब्द होतात आणि दहा मिनिटांत काम उरकतं. पहिल्याच दिवशी दोन पानांचा पण केला की चौथ्या-पाचव्या दिवशी दमछाक होते, एक खाडा पडतो आणि वही माळ्यावर जाते. अंगात उत्साह असेल तर खुशाल जास्त लिहा, पण उद्याचा आकडा पाचच.

वेळ घड्याळाला नाही, रोजच्या एखाद्या कामाला बांधा. सकाळचा चहा झाला की कप विसळायच्या आधी वही उघडायची. रात्री निवांत लिहू म्हटलं की जेवणानंतर डोळे मिटतात. खानापूरहून बेळगावला रोज कामाला येणाऱ्यांना हलत्या बसमध्ये लिहिता येत नाही, पण तेवढ्या वाटेत पहिलं वाक्य मनात जुळवता येतं. जागेवर पोचलात की आधी ते उतरवा.

सीमाभागात जास्तीत जास्त अडतं ते शब्दांवर. कचेरीत कन्नड, मुलांच्या अभ्यासात इंग्रजी, घरात बेळगावी मराठी. मग 'काय करूलालास' लिहावं की 'काय करतो आहेस', इथंच पेन थांबतं. थांबू नका. माणूस बोलतोय ना, मग 'करूलालास'च लिहा. ही बोली कागदावर आणणार ते तिच्यात वाढलेलेच. जमिनीच्या कागदाला आधी कचेरीतलं कन्नड 'पहाणी' सुचलं तर तेच लिहा, खाली रेघ मारा आणि पुढं चला. 'उतारा' बरा की 'पहाणी', ते रविवारी बघा. लिहिणं आणि तपासणं एकाच बैठकीत केलं की पाच ओळींना तास लागतो, आणि दुसऱ्या दिवशी वहीची धास्ती वाटते.

उठताना शेवटचं वाक्य अर्धं सोडा. "आजीनं परड्यातली तुळस उपटली, कारण" एवढ्यावर वही मिटली, तर उद्या कोऱ्या पानासमोर बसावं लागत नाही.

पावसाळ्यात, त्यातही कणकुंबीकडच्या पट्ट्यात, कागद सादळतो आणि जेल पेनची शाई पसरते. बॉलपेन वापरा, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा.

भाताची रोपलावणी, ऊसतोड, गणपती या दिवसांत पाच ओळी जमणार नाहीत. एकच लिहा, पण लिहा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेल्या दिवशी फुली मारा. एक चौकोन रिकामा राहिला तर चालेल, लागून दोन नकोत. राहिलेल्या ओळी दुसऱ्या दिवशी भरून काढायच्या नाहीत, त्या ओझ्यानंच सवय मोडते.

तीन आठवड्यांनी दहा ओळी करा. कडोली, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. आपल्या जवळच्या संमेलनाची तारीख कळली की दोन महिने आधी रेघा मारलेली पानं काढून त्यातलं एक नीट लिहायला घ्या.